आजोबांचं एचएमटी आणि माझी एक चूक

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना जिथे अडखळलो होतो, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आधी एक प्रश्न. आत्ता तुमच्या मनगटावर घड्याळ आहे का? बरेच जण म्हणतील, "नाही, फोन आहे की." काही जण म्हणतील, "स्मार्टवॉच आहे." माझ्याकडे आज ३७ घड्याळं आहेत, सगळी चावीची नाहीतर ऑटोमॅटिक. आई विचारते, "हात किती आहेत रे तुला?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण हा नाद लागला कसा, ते सांगतो. त्याची सुरुवात एका चुकीपासून झाली, आणि तीच चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून आजचा हा भाग.

सतरा ज्वेलचं 'जनता'

१९६१ म्हटलं की पुणेकराला पानशेतचा पूर आठवतो. त्याच वर्षी तिकडे बेंगळुरूत हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्याआधी चांगलं घड्याळ म्हणजे परदेशी, बहुतेक वेळा स्विस. एचएमटीमुळे ते कामगाराच्या, मास्तरांच्या, क्लार्कच्या हातावर आलं. लग्नात जावयाला द्यायचं तर एचएमटी, मुलगा मॅट्रिक झाला तर एचएमटी. नावं तरी बघा: जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन.

आमचे आजोबा पिंपरीतल्या एका कारखान्यात होते. त्यांच्याकडे 'जनता' होतं. सकाळी आकाशवाणीवर मराठी बातम्या लागल्या की ते घड्याळ हातात घ्यायचे, वेळ जुळवायचे आणि चावी द्यायचे. ती कर्रकर्र मला अजून ऐकू येते. आजोबा गेल्यावर घड्याळ कपाटात गेलं. काच धुरकट, पट्टा तुटलेला, आणि तबकडीवर सातच्या आकड्याजवळ एक तपकिरी डाग.

मी काय केलं

२०१७ साली बाबांची एकसष्टी होती. मला वाटलं, आजोबांचं घड्याळ नवंकोरं करून द्यावं. एका घड्याळजींकडे गेलो. त्यांनी मशीन बघितलं. म्हणाले, "मशीन एकदम चांगलंय, फक्त साफसफाई लागेल. डायल नवी करू का?" मी क्षणभरही विचार केला नाही. "करा की. चकाचक करा."

आठ दिवसांनी घड्याळ हातात आलं. पांढरीशुभ्र तबकडी, काळीभोर अक्षरं, नवा पट्टा. एकसष्टीच्या दिवशी सगळ्यांसमोर डबी बाबांच्या हातात दिली. त्यांनी घड्याळ उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "छान झालंय. पण डाग कुठे गेला रे?"

रात्री सगळे गेल्यावर त्यांनी सांगितलं. बाबा सहावीत असताना पर्वतीजवळच्या कालव्यात पोरं पोहायला जायची. बाबांना पोहता येत नव्हतं, तरी गेले आणि पाण्यात पडले. कामावरून परतताना आजोबांनी आरडाओरडा ऐकला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी, हातातल्या घड्याळासकट उडी मारली. बाबा वाचले. घड्याळात मात्र पाणी गेलं. आजोबांनी मशीन दुरुस्त करून घेतलं, पण तबकडी बदलली नाही. कधी बाबांनी फार मस्ती केली की ते काही न बोलता मनगट पुढे करायचे आणि त्या डागावर बोट ठेवायचे.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तबकडी 'नवी' करतात म्हणजे काय करतात?

दुसऱ्या दिवशी मी घड्याळजींकडे पळालो. म्हटलं, जुनी तबकडी परत द्या. तेव्हा कळलं की जुनी वेगळी अशी उरतच नाही. तबकडी म्हणजे धातूची पातळ चकती. तिच्यावरचा रंग आणि छपाई रसायनाने किंवा घासून काढतात आणि त्याच चकतीवर नवा रंग देऊन पुन्हा छापतात. याला रीडायल म्हणतात. एकदा पुसलं की पुसलं. फोनमधून फोटो डिलीट झाला तर तो निदान ट्रॅशमध्ये तरी सापडतो, इथे तेही नाही.

त्या घड्याळजींची काही चूक नव्हती. मी सांगितलं, ते त्यांनी केलं. पण मग प्रश्न पडला: घड्याळात नेमकं काय जपायचं असतं? ते शोधता शोधता मी यात पडलो.

आत काय चालतं?

थोडक्यात सांगतो. चावी दिली की आतली मेन स्प्रिंग आवळली जाते. ती हळूहळू सैल होताना दातेरी चाकं फिरवते. ती एकदम भर्रकन सुटू नये म्हणून एक छोटं चाक पुढेमागे झुलत राहतं, ते बॅलन्स व्हील. त्याच्या प्रत्येक झोक्याला चाकं एकेक दात पुढे सरकतात. तीच आपली टिकटिक. 'जनता'मध्ये ती तासाला १८,००० वेळा होते, म्हणजे सेकंदाला ५. 'सतरा ज्वेल' म्हणजे आतले १७ कृत्रिम माणकाचे खडे. त्यांच्यामुळे फिरणारे भाग कमी झिजतात. दागिन्यासारखी त्यांची किंमत नसते, त्यामुळे कोणी "ज्वेल काढून विका" म्हणालं तर हसून सोडून द्या.

क्वार्ट्झ घड्याळात बॅटरीवर एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, म्हणून ते कितीतरी अचूक असतं. सेकोने १९६९ च्या डिसेंबरमध्ये पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात टायटन आलं. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर जुन्या एचएमटीला मागणी वाढली आणि बनावट मालही वाढला.

जुन्या बाजारात फसण्याची पद्धत

आपल्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथून मी मोठ्या ऐटीत भगव्या रंगाचं एक 'पायलट' आणलं. एका जाणत्या संग्राहक काकांना दाखवलं. ते म्हणाले, "अभिनंदन! मुंबई स्पेशल घेतलंस." म्हणजे मशीन एकाचं, केस दुसऱ्याचं, आणि वर कंपनीने कधी न काढलेल्या रंगाची रीडायल. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना याच नावाने ओळखतात.

तेव्हापासून मी घेण्याआधी चार गोष्टी बघतो. एक, फोनचा कॅमेरा झूम करून अक्षरं बघायची. मूळ छपाई बारीक आणि एकसारखी असते, रीडायलची जाड आणि पसरट. दोन, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांसमोर बरोबर येतात का? तीन, केस झिजलेली, काटे काळवंडलेले आणि तबकडी तेवढी कोरी, असं असेल तर संशय घ्यायचा. चार, मागचं झाकण उघडून मशीन दाखवायला सांगायचं. नाही म्हणाले तर पुढे चालू लागायचं.

आणि घरात चावीचं घड्याळ असेल तर ते रोज साधारण एकाच वेळी चावी देऊन वापरा, पाण्यापासून लांब ठेवा. स्पीकर किंवा इअरबड्सच्या डबीजवळ ठेवू नका. तिच्यातल्या चुंबकामुळे आतली बारीक स्प्रिंग चिकटते आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. तसं झालंच तर घाबरू नका, घड्याळजी ते दोन मिनिटांत उतरवून देतात.

मग जपायचं काय?

बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी ते अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभं केलं. त्या चुकीनंतर मी तिथे पुन्हा गेलो. दिवे, अडकित्ते, भांडी, सगळ्या लोकांच्या घरात वापरलेल्या वस्तू. अडकित्त्यांसमोर बराच वेळ उभा राहिलो. ते कोणाच्या तरी हातात रोज असायचे, हे कळतं, म्हणून तर आपण ते बघायला जातो.

आता माझा नियम साधा आहे. मशीनची सर्व्हिसिंग जरूर करायची, कारण तेल सुकलं की भाग झिजतात. काच बदलली तरी चालेल, पट्टा तर बदलायचाच. तबकडीला मात्र हात लावायचा नाही, निदान घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय तरी नाही.

बाबा ते घड्याळ रोज घालतात. दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं. सकाळी चावी देताना त्यांचा अंगठा अजूनही सातच्या आकड्याजवळ जातो. तिथे आता काही नाही.

म्हणून एक काम करा. घरी कपाटात एखादं बंद घड्याळ असेलच. ते दुरुस्तीला नेण्याआधी आजी, आजोबा, काका, आत्या, जे कोणी असतील त्यांच्या हातात द्या, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि फक्त एवढंच विचारा, "हा ओरखडा कसला?"

त्यांनी काय सांगितलं ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!