माकडाला जंगल मिळालं, ॲक्सोलोटलला पाणी कधी?

ब्राझीलच्या वीस रेआलच्या नोटेवर सोनेरी आयाळीचं एक माकड आहे, गोल्डन लायन टॅमरिन. अंगानं ते जेमतेम खारीएवढं. मेक्सिकोच्या पन्नास पेसोंच्या नोटेवर आहे ॲक्सोलोटल, म्हणजे डोक्यामागं पिसांसारखे कल्ले मिरवणारा, जन्मभर पाण्यातच राहणारा सॅलमँडर. नोटेवरचा मान दोघांनाही मिळाला, पण पुन्हा घर मात्र एकालाच मिळालं.

१९७० च्या दशकात रिओ द जानेरो राज्यातल्या किनारी जंगलात ही माकडं अवघी दोनशेच्या आसपास उरली होती. शेती आणि कुरणांसाठी जंगल तुटलं होतं, पिल्लं पाळायला विकली जात होती. आदेल्मार कोइम्ब्रा-फिल्यो यांच्यासारख्या प्राणिशास्त्रज्ञांनी पाठपुरावा केला आणि १९७४ मध्ये पोसो दास अंतास हे राखीव क्षेत्र झालं. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात डेव्ह्रा क्लायमन यांनी टॅमरिनच्या प्रजननाची घडी बसवली आणि १९८४ पासून माकडं जंगलात सोडली जाऊ लागली. पिंजऱ्यात वाढलेल्या या जिवांना ना हलत्या फांदीवर चालता येई, ना अन्न शोधता येई. सुरुवातीला बरीच दगावली. तरी काम थांबलं नाही. शेतमालकांनी आपल्या जमिनीवरच्या जंगलात त्यांना जागा दिली, तुटलेले तुकडे झाडांच्या पट्ट्यांनी जोडले गेले, महामार्गावर प्राण्यांसाठी हिरवा पूल उभा राहिला. मध्येच पीतज्वराच्या साथीनं संख्या ३,७०० वरून २,५०० वर आणली. मग माकडांना लस टोचली गेली. २०२३ च्या गणनेत ती सुमारे ४,८०० भरली.

ॲक्सोलोटलचं दुखणं वेगळं आहे. तुटलेला पाय, इतकंच काय, मज्जारज्जूही पुन्हा वाढवणारा हा प्राणी १८६४ मध्ये पॅरिसला पोचला, तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे. त्याचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीतले सोचिमिल्कोचे कालवे. तिथं १९९८ मध्ये चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० ॲक्सोलोटल होते; २०१४ मध्ये उरले ३६. शहराचं सांडपाणी कालव्यांत आलं आणि लोकांच्या पोटापाण्यासाठी सोडलेले कार्प व तिलापिया मासे ॲक्सोलोटलची अंडी-पिल्लं फस्त करू लागले. टाक्यांमधले हजारो ॲक्सोलोटल या पाण्यात ओतले, तर ते माशांच्याच तोंडी जातील.

म्हणून आधी पाणी सुधारायला हवं. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातले शास्त्रज्ञ आणि तिथल्या चिनांपांवरचे, म्हणजे कालव्यांमधल्या बेटवजा शेतांवरचे, शेतकरी नेमकं तेच करताहेत. शेतांमधल्या अरुंद कालव्यांच्या तोंडाशी ते गाळण्या बसवतात. मासे बाहेर राहतात, पाणी निवळतं. कृत्रिम पाणथळीत आणि सोचिमिल्कोच्या अशा कालव्यात मिळून त्यांनी १८ ॲक्सोलोटल सोडले. २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पुन्हा पकडलेल्यांचं वजन वाढलं होतं.