माजी सैनिकाचे हक्क: नागपूरच्या प्रत्येक सैनिक कुटुंबाने तपासावेत असे कागद

नागपूरजवळच्या कामठीची छावणी १८२१ सालची. महार रेजिमेंटची दुसरी पलटण १९४२ मध्ये इथेच उभी राहिली. आज गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र कामठीत आहे. १९७१ च्या युद्धात गंगासागरच्या लढाईत धारातीर्थी पडलेले परमवीरचक्राचे मानकरी लान्सनायक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटच्या चौदाव्या पलटणीचे. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयही नागपुरातच आहे. जवान बहुधा चाळिशीच्या आसपासच घरी परततो. पुढच्या दीर्घ आयुष्यात त्याच्या घराला आधार मिळतो तो हक्कांचा, आणि हक्क मिळतात ते कागद चोख असले तरच.

पहिले काम: नोंदणी

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश) घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे आणि ओळखपत्र घ्यावे. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. मुलांची वसतिगृहे, शिष्यवृत्तीसाठी लागणारे दाखले, नोकरीचे मार्गदर्शन हे सारे याच कार्यालयातून होते. पंतप्रधान शिष्यवृत्तीत निवड झाल्यास व्यावसायिक शिक्षणासाठी मुलींना दरमहा ३००० आणि मुलांना २५०० रुपये मिळतात.

पत्नीचे नाव आणि जन्मतारीख

सर्वाधिक अडचणी इथे येतात. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. त्यामुळे पलटणीच्या दप्तरात माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, तर बँकेत तिसरेच, असे अनेक घरांत आढळते. जवान हयात असताना ही तफावत एका अर्जाने आणि प्रतिज्ञापत्राने मिटू शकते. तो गेल्यावर मात्र कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्याच्या विधवेला दारोदार फिरावे लागते.

जुन्या पीपीओत पत्नीची जन्मतारीखही पुष्कळदा नसते. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हाच नियम आहे. जन्मतारखेची नोंद नसेल, तर हक्काची वाढ अडून राहते. दुरुस्तीचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे करावा.

‘स्पर्श’ आणि हयातीचा दाखला

संरक्षण दलांचे निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून जमा होते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावाच लागतो. तो चुकला की पैसे थांबतात. लॉगिन, पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक पत्नीलाही ठाऊक असावा.

औषधोपचार

माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. आधी पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी, मग तिथल्या चिठ्ठीवर मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार, असा क्रम असतो. प्रसंग तातडीचा असेल तर जवळचे कोणतेही रुग्णालय गाठावे. मात्र ते मान्यताप्राप्त नसल्यास ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवावे.

निवृत्तिवेतन नसलेले सैनिक

काहींची सेवा निवृत्तिवेतनाइतकी भरलेली नसते. हवालदार किंवा त्याखालील हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरील अशा गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. नोव्हेंबर २०२५ पासून ती ४००० वरून ८००० रुपये झाली आहे. खेड्यापाड्यांतल्या अनेक वृद्धांपर्यंत ही माहिती पोहोचलेली नसते.

आपण काय करू शकतो

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. त्यानिमित्त गोळा होणाऱ्या निधीतून माजी सैनिक आणि वीरनारींना मदत होते. तो मनापासून द्यावा. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन, कारण १९५३ साली याच दिवशी फील्ड मार्शल करिअप्पा निवृत्त झाले. त्या दिवशी सत्कार जरूर करावा. पण शाल-श्रीफळ देऊन परतण्याआधी तुमच्या गल्लीतल्या त्या आजोबांना आणि वीरमातेला विचारा, की हयातीचा दाखला दिला का, पीपीओवर नाव बरोबर आहे का? नसेल, तर त्यांच्यासोबत सैनिक कल्याण कार्यालयात जा. देशासाठी उमेदीची वर्षे वेचलेल्या माणसाचा याहून मोठा सन्मान नाही.