दोन डायल की पाच?

सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शे कंपनीने ‘९०१’ नावाची नवी गाडी मांडली. तिचे उत्पादन सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा सप्टेंबर उजाडला. मधला आकडा शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्युजोने हक्क सांगितला आणि ‘९०१’ नावाच्या ८२ गाड्या तयार झाल्यावर तिची ‘९११’ झाली. प्रदर्शनातली गाडी आणि गिऱ्हाइकाच्या दारात आलेली गाडी बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. आत डोकावले की मात्र घोटाळा राहत नाही. प्रदर्शनातल्या गाडीत चालकासमोर दोन मोठी डायल होती. विक्रीच्या गाडीत एका रांगेत पाच, आणि मधोमध सर्वांत मोठे, इंजिनाचे फेरे मोजणारे. त्यामुळे मोटारींच्या इतिहासात रमणाऱ्यांना जुन्या फोटोत दोन डायल दिसली की ते ‘प्रोटोटाइप!’ म्हणून मोकळे होतात. बहुतेकदा ते बरोबरही ठरतात. तरीही एखादी गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी दिसते एवढ्यावर निकाल देता येत नाही. तो वेगळेपणा कधी निर्माण होऊ शकला असता, कॅमेऱ्याने तो जसाच्या तसा टिपला आहे का आणि नंतर कोणाला तो सहज घडवता आला असता का, या तीन चाळण्यांतून तपशील पार पडला, तरच फोटोची साक्ष ग्राह्य धरावी.

पहिली चाळणी कारखान्याच्या अर्थशास्त्राची. गाडीचे मडगार्ड, दारे, छत हे पोलादी पत्रे दाबून तयार होतात. त्यासाठी लागणारे साचे प्रचंड महाग असतात आणि ते घडवायला वेळही फार जातो. म्हणून बाह्य आकार लवकर पक्का करावा लागतो. डायल, बटणे, हँडल, सीटचे कापड यांचे तसे नसते. यातले बरेच काही बाहेरच्या पुरवठादारांकडून येते, आणि पहिल्या दोन-चार गाड्यांसाठी ते हाताने घडवले किंवा कंपनीच्या दुसऱ्या गाडीतून उचलले तरी भागते. म्हणजे गाडीचा चेहरा ठरून गेल्यावरही पोटातली हालचाल चालूच असते. प्रोटोटाइपच्या खुणा बाहेरपेक्षा आत अधिक सापडतात त्या याचमुळे. मात्र या खुणा मोजताना एक सावधगिरी हवी. दोनाची पाच डायल झाली तेव्हा डायल बसवायची चौकट बदलली, भोके बदलली, मागच्या तारांची मांडणीही बदलली. फोटोत हे सगळे वेगळे दिसले तरी तो एकाच बदलाचा परिणाम आहे. त्याला चार साक्षीदार म्हणता येणार नाही. दाराच्या आतले हँडल किंवा सीटची शिवण यांसारखी स्वतंत्रपणे बदललेली गोष्ट जोडीला आली, तर मात्र पुराव्याचे वजन खरोखर वाढते.

दुसरी चाळणी भूमितीची. कोनातून पाहिलेले गोल डायल फोटोत लंबवर्तुळ दिसते. त्याच्या आखूड आणि लांब व्यासांचे गुणोत्तर पाहणाऱ्याच्या कोनावर ठरते. गुणोत्तर निम्मे असेल, तर कॅमेरा डायलच्या समोरच्या दिशेपासून साधारण ६० अंश बाजूला होता. एकाच सपाट पट्टीवरची शेजारशेजारची डायल अगदी विसंगत कोन सांगू लागली, तर त्यांतले एखादे वेगळ्या पातळीवर बसवलेले आहे किंवा फोटोवर कोणाचा तरी हात फिरलेला आहे. याहून भक्कम साधन चार बिंदूंचे आहे. एका सरळ रेषेवरच्या चार बिंदूंमधल्या अंतरांची एक ठरावीक गुणोत्तरी जुळणी फोटो कोठूनही काढला तरी बदलत नाही. पाच डायलांची केंद्रे एका रेषेत असतील, तर त्यांतली चार घेऊन जुन्या फोटोची आजच्या अस्सल गाडीशी तुलना करता येते, आणि त्यासाठी छायाचित्रकार कुठे उभा होता हे ठाऊक असण्याची गरज नाही. गाडीच्या आत जागा अपुरी, म्हणून तिथे रुंद कोनाचे भिंग वापरले जाते आणि ते कडेच्या सरळ रेषा वाकवू शकते. तेव्हा मोजमापाआधी तो बाक दुरुस्त करावा लागतो. निगेटिव्ह उलटी छापली गेल्याने डाव्या बाजूचे स्टिअरिंग उजवीकडे दिसते, ही गंमतही जुन्या छपाईत होऊ शकते. तेव्हा पायांकडे पाहावे. स्टिअरिंग कोणत्याही बाजूला असो, ॲक्सिलरेटर उजव्या टोकालाच असतो. तो डावीकडे दिसला, तर गाडी दुर्मीळ नसून छपाई चुकलेली आहे.

रंगाबाबतची साक्ष याहून कच्ची. कृष्णधवल फिल्मवर लाल आणि हिरवे कातडे एकाच करड्या छटेत उतरू शकते. लाल रंग न टिपणाऱ्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तर लाल गादी काळी पडते. रंगीत छपाईतले रंगही वर्षांनुवर्षे विटतात, आणि सगळ्यांचा विटण्याचा वेग सारखा नसतो. अंधारात जपलेली कोडाक्रोमची पारदर्शिका त्या मानाने बरीच विश्वासू. म्हणून आतल्या भागाच्या आकाराबद्दल ठामपणे बोलावे, रंगाबद्दल जपून.

यावर पहिला आक्षेप असा की, मालकाने नंतर फेरफार केला असेल तर? आक्षेप रास्त आहे आणि तिसरी चाळणी त्याच्यासाठीच आहे. स्टिअरिंगचे चाक मधला नट सोडवून बदलता येते. गिअरच्या दांड्याची मूठ तर त्याहून सोपी. डायलसाठी पाडलेली भोके बुजवून नवी पाडणे मात्र हौसेचे काम नव्हे. बदल जितका अवघड, तितका तो तपशील विश्वासार्ह. दुसरा आक्षेप रंगफवाऱ्याचा. त्या काळी जाहिरातींचे फोटो एअरब्रशने सर्रास ‘सुधारले’ जात. अशा जागी फिल्मचा रवाळपणा अचानक नाहीसा होतो, नाहीतर चकाकी उजेडाच्या उलट दिशेला पडते. त्याच गाडीचा दुसऱ्या कोनातून काढलेला फोटो मिळाला की हा प्रश्न बराचसा सुटतो. तिसरा आक्षेप तारखेचा, आणि तो सर्वांत फसवा आहे. माहितीपत्रके गाडी बाजारात येण्याआधी तयार करावी लागतात, त्यामुळे त्यांत बरेचदा प्रोटोटाइपचेच फोटो असतात. पत्रकाची तारीख म्हणजे फोटोची तारीख नव्हे, आणि पत्रकात दिसते तशी गाडी विकली गेली असेही नव्हे. आज यात एका नव्या धोक्याची भर पडली आहे. अंधूक फोटो ‘स्पष्ट’ करणारी संगणकीय साधने हरवलेला तपशील परत आणत नाहीत. तिथे काय असावे याचा अंदाज रंगवतात. असा अंदाज नेहमीच्या गाड्यांवरून बांधलेला असतो. ज्या विचित्र बटणासाठी आपण डोळे ताणतो, नेमके तेच त्यात गुळगुळीत होऊन जाते.

मग इतक्या शंका घेतल्यावर फोटोतून हाती काही लागते का? लॅम्बोर्गिनीच्या काउंटॅशने याचे उत्तर दिले आहे. मार्च १९७१ मध्ये जिनिव्हात दाखवलेल्या तिच्या पिवळ्या एलपी ५०० प्रोटोटाइपमध्ये एकाच दांडीचे स्टिअरिंग होते आणि गाडीच्या आकृतीवर दिवे लावून बिघाड दाखवणारा फलक होता. विक्रीच्या गाडीत नेहमीची गोल डायल आली. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या धडक चाचणीत ती एकमेव एलपी ५०० नष्ट झाली. पुढे एका संग्राहकाच्या इच्छेवरून कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने ती नव्याने घडवायला घेतली. हाताशी होते जुने फोटो, आराखडे, बैठकींची टिपणे आणि मूळ जातकुळीची वाचलेली दुसरी गाडी. २५,००० तासांहून अधिक श्रमांनंतर, २०२१ मध्ये, ती इटलीत कोमो सरोवराकाठी लोकांसमोर आली. केवळ फोटो पुरले नाहीत, हे इथेही खरे. पिवळ्या रंगाची नेमकी छटा ठरवायला रंग बनवणाऱ्या कंपनीच्या नोंदी धुंडाळाव्या लागल्या. मात्र नष्ट झालेल्या गाडीचे रूप परत घडवताना फोटोंचा आधार मोलाचा ठरला.

या यशानेच फोटोच्या साक्षीची हद्दही आखून दिली आहे. या नव्या गाडीच्या अंतर्भागाचा एखादा फोटो पन्नास वर्षांनी कोणाच्या हाती पडला, तर त्यात तेच एकदांडी स्टिअरिंग आणि तोच फलक दिसेल. पाहणारा म्हणेल, १९७१ ची एलपी ५००. रचना त्याने अचूक ओळखलेली असेल, पण गाडी आणि साल मात्र चुकलेले असेल. अंतर्भागातले तपशील गाडीची घडण सांगतात. ती गाडी कोणती, हे चासी क्रमांकाला आणि कागदपत्रांना विचारावे लागते.