शू... तारांनो, गप्प बसा!

गिटारवर सगळ्यात कठीण काय, असं विचारलं तर नवशिके ‘एफचा बार कॉर्ड’ म्हणतील आणि मेटलवाले ‘स्पीड’ म्हणतील. माझं मत विचाराल, तर ज्या तारा वाजवायच्या नाहीत त्यांना गप्प बसवणं! सोलो वाजवताना सहांपैकी आपण एका वेळी वाजवतो एक, फार तर दोन. उरलेल्या चार-पाच मोकळ्याच असतात, आणि मोकळ्या तारेला फक्त निमित्त हवं असतं. जाड ई तारेवर पाचव्या फ्रेटला बोट ठेवून वाजवा. तो स्वर ए. शेजारची मोकळी तार पण एच. तिला तुम्ही हातही लावलेला नसतो, तरी ती गुणगुणायला लागते.

आपल्या कानांना याचं खरं तर नवल वाटायला नको. सतारीला तरफेच्या तारा लावतात त्या याचसाठी. वर स्वर लागला की खाली त्या आपसूक झंकारतात. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हीच गुंज जपत आलेत, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. इलेक्ट्रिक गिटारवाल्याची पंचाईत नेमकी उलटी आहे. डिस्टॉर्शन लावलं की मोठा आवाज दबतो आणि बारीकसारीक आवाज वर उचलला जातो. मग साध्या वाजवण्यात ऐकूही न येणारी ती गुणगुण स्पीकरमधून भसाभसा बाहेर पडते.

आता तुमच्या-माझ्यासारख्यांचं गणित बघा. ऑफिस, ट्रॅफिक, जेवण. रात्री साडेदहाला गिटार हातात येते. लॅपटॉप, स्वस्तातला ऑडिओ इंटरफेस, कानाला हेडफोन. तासाभरात बारा सेकंदांचा सोलो रेकॉर्ड होतो आणि प्ले केल्यावर मागे मधमाश्यांचं पोळं ऐकू येतं! स्वर बरोबर, टायमिंग बरोबर, तरी टेक कचऱ्यात. असे आठ-दहा टेक कचऱ्यात गेले की उत्साह मावळतो. माझ्या ओळखीत निदान तीन गिटार्स अशाच कपाटावर जाऊन बसल्यात.

काही जण यावर नॉइज गेटचा उपाय सांगतात. पण त्याचा फंडा वेगळा आहे. तुम्ही थांबलात की तो दार बंद करतो. तुम्ही वाजवत असताना दार उघडंच असतं आणि त्यातून नको असलेली तारही आरामात आत शिरते. अँपची हिस्स असेल तर गेट लावा, पण वाजणारी तार तारेवरच थांबवायला हवी.

इथे एंट्री होते स्ट्रिंग डँपनरची. नाव भारदस्त, वस्तू अगदी साधी. गिटारच्या मानेला, नटजवळ, म्हणजे तारा जिथून डोक्याकडे जातात त्या पट्टीजवळ गुंडाळायचा मऊ कापडी पट्टा. ग्रूव्ह गिअर कंपनीचे ‘फ्रेटरॅप्स’ या प्रकारात बरेच प्रसिद्ध आहेत. पण काम भागवायचं असेल तर तुळशीबागेत जा आणि जाडसर मखमली स्क्रंची घ्या. हो, केसांना लावतात तीच! मी दोन्ही वापरून बघितलं. फरक आहे, पण किमतीइतका नाही. पट्ट्याचा ताण कमी-जास्त करता येतो, स्क्रंचीचा येत नाही. लेसवाली किंवा टिकल्यांची स्क्रंची मात्र नको, ती तारांत अडकते.

यामागचं लॉजिक भारी आहे. फ्रेटवर बोट दाबलं की तार बोटापासून ब्रिजपर्यंतच वाजते. पट्टा असतो बोटाच्या मागे. म्हणजे दाबलेल्या स्वराला त्याचा काही त्रास नाही, गप्प होतात त्या फक्त मोकळ्या तारा. टॅपिंग करणाऱ्यांना तर हे वरदान आहे. एरवी उजव्या हाताचा तळवा ब्रिजजवळ टेकून आपण जाड तारा दाबून धरतो. टॅपिंगमध्ये तो हातच मानेवर जातो, मग तारांवर लक्ष कोण ठेवणार? मायकल जॅक्सनच्या तिन्ही वर्ल्ड टूर्समध्ये गिटार वाजवणारी जेनिफर बॅटन ही दोन्ही हातांच्या टॅपिंगमधली उस्ताद, आणि ती असा डँपर वापरत आलीय. (त्यातल्या ‘हिस्टरी’ टूरचा एक शो नोव्हेंबर १९९६ मध्ये आपल्या अंधेरीत झाला होता. आमची पिढी तेव्हा जन्मलीही नव्हती किंवा पाळण्यात होती, काय करणार!) बासवाल्यांचा लाडका व्हिक्टर वूटन तर साधा हेअर बँडच लावतो.

बासची तर गोष्टच वेगळी. तिथे आवाज आवरायची सोय कंपन्या पूर्वी बासबरोबरच द्यायच्या. १९५१ मध्ये आलेल्या फेंडर प्रिसिजनच्या ब्रिजवर धातूचं झाकण असायचं आणि आत तारांना टेकणारा फोम. रिकनबॅकर ४००१ मध्ये स्क्रू फिरवून फोम वर-खाली करता यायचा. १९७६च्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्ये प्रत्येक तारेला वेगळा म्यूट होता. मोटाऊनचा जेम्स जेमर्सन आपल्या १९६२च्या प्रिसिजनवर फोम तसाच ठेवून वाजवायचा, तोही एकाच बोटानं. तो गुबगुबीत ‘थप्प’ आवाज साठच्या दशकातल्या ढीगभर हिट गाण्यांच्या पोटात आहे. लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के यांनी फेल्टचा तुकडा लावून वेगळ्या तऱ्हेनं तेच साधलं. ब्रिजजवळचा फोम मात्र स्क्रंचीसारखा नाही हं. तो दाबलेला स्वरही लवकर विझवतो. म्हणजे ही नुसती साफसफाई नाही, टोनच बदलतो. हिंजवडीत टेस्टिंगमध्ये असलेल्या माझ्या बासिस्ट मित्राने नव्या मॉनिटरच्या खोक्यातला फोम कापून ब्रिजपाशी तारांखाली सरकवला. त्याच्या बँडचा ड्रमर पुढच्या जॅमला म्हणाला, ‘नवा बास घेतलास काय रे?’

मग हे चीटिंग आहे का? यावर मुलं हमरीतुमरीवर येतात. मी ज्या सरांकडे शिकते त्यांचं मत कडक आहे. ‘अगं, आधी बोटं शिकव, मग कापड बांध.’ त्यांचा मुद्दा मला पटतो. डाव्या हाताची तर्जनी बारीक तारांवर हलकेच आडवी टेकवणं, तिच्याच टोकानं वरच्या जाड तारेला स्पर्श करणं, उजवा तळवा, अंगठ्याची कड, ही सगळी कसरत हातात बसायला महिने लागतात. स्क्रंची बांधून प्रॅक्टिस केली तर आपण कुठे ढिले पडतोय ते ऐकूच येत नाही. पण रेकॉर्डिंगला बांधायला काय हरकत आहे? मोठमोठ्या स्टुडिओंतही गिटारवर कापडं, टेप, फोम चिकटवतात. ऐकणारा टेक ऐकतो, तुमची तपश्चर्या नाही. म्हणून माझा हिशोब असा: रियाज उघड्या तारांवर, लाल बटण दाबताना स्क्रंची.

लावताना एक टेस्ट करा. सगळ्या मोकळ्या तारा एकदम छेडा. कोरडा ‘थप’ आला पाहिजे. मग बोट दाबून एकेक स्वर ट्यूनरवर बघा. स्वर चढा येत असेल तर पट्टा जास्त आवळलाय, तारा खाली ओढल्या जाताहेत. गाण्यात जी, सी, डी असे मोकळ्या तारांचे कॉर्ड आले की पट्टा नटच्या पलीकडे, डोक्याकडे सरकवायचा. तिथे तो मोकळ्या तारांना अडवत नाही, फक्त नट आणि खुंट्यांमधल्या तुकड्यांची किणकिण थांबवतो. आणि स्ट्रॅटसारखी ट्रेमोलोवाली गिटार असेल तर मागचं झाकण उघडून स्प्रिंगांखालीही फोमचा तुकडा घाला. अर्धी गूढ ‘टुंईंग’ तिथूनच येते.

रात्री मात्र पट्टा काढून ठेवा. रबर किंवा फोम महिनोन्‌महिने टेकून राहिला तर जुन्या नायट्रो लॅकरच्या पॉलिशवर डाग पडतो. शिवाय पावसाळ्यात घामट, दमट कापड तारांवर तसंच राहिलं, तर गंज आधी तिथेच धरतो.