रेस अडकते तेव्हा: जुन्या गाडीच्या थ्रॉटलचं निदान

आजचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवत आयुष्य काढलेले आम्ही अ‍ॅक्सिलरेटरवर काय बोलणार? पण कारणाचा शोध कसा घ्यावा हा तर आमचाच जुना विषय. आणि मुकुटबनसारख्या गावात, जिथे चुन्याची, सिमेंटची, कोळशाची धूळ बॉनेटच्या आत जाऊन बसते आणि अजूनही जुनी मारुती ८०० किंवा एखादी पद्मिनी दिसते, तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

आधी जिवाचं बोलू. पाय उचलला, तरी गाडी धावतेच आहे. अशा वेळी क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा आणि ब्रेक एकदाच, घट्ट दाबून धरा. पुन्हापुन्हा दाबून सोडू नका. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालतो, आणि थ्रॉटल उघडा असताना तो निर्वात जवळजवळ नसतो. साठलेली ताकद दोनचार दाबांत संपते, मग ब्रेक दगडासारखा लागतो. न्यूट्रलमध्ये इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. गाडी थांबली की चावी बंद करा. चालत्या गाडीत चावी पार शेवटपर्यंत फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, म्हणून तो मोह नको.

आता निदान. आपण म्हणतो ‘रेस अडकली’. पण इंजिन जोरात फिरतंय एवढ्यावरून थ्रॉटल अडकला असं ठरत नाही. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात: जे सिद्ध करायचं ते नसतानाही तो सापडतो. चोकचं बटण अर्धवट बाहेर राहिलं तरी इंजिन जास्त फिरतं. कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट फुटलं, निर्वाताची रबरी नळी तडकली, तरी बाहेरची हवा शिरून तसंच होऊ शकतं. म्हणून पहिला प्रश्न हा: पाय उचलल्यावर कार्ब्युरेटरचा लिव्हर आपल्या थांब्याच्या स्क्रूवर येऊन टेकतो का? टेकत असेल आणि तरीही रेस जास्त असेल, तर थ्रॉटलला दोष देऊ नका. चोक, नळ्या, आयडलिंगचा स्क्रू पाहा.

टेकत नसेल, तर इंजिन बंद करून पुढे जाऊ. पायाखालची चटई आधी बाजूला काढा. हसू नका. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून मोठा गदारोळ झाला, नासाच्या अभियंत्यांना इलेक्ट्रॉनिक्स तपासायला बसवलं. २०११ साली अहवाल आला. तशा धोकादायक वेगाला इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही. सापडली ती पेडलमध्ये अडकणारी चटई आणि चिकटणारं पेडल.

मग खरी युक्ती. थ्रॉटलची केबल लिव्हरपासून सोडवा आणि लिव्हर हाताने फिरवून सोडा. ‘टक’ करून परत आला, तर दोष केबलमध्ये किंवा पेडलमध्ये. रेंगाळला, तर दोष कार्ब्युरेटरच्या बाजूला. एकच गोष्ट काढायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. आपल्याकडे याला व्यतिरेक म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हीच पद्धत मांडली. मिस्त्रीला दोन्ही नावं ठाऊक नसतात, पण चांगला मिस्त्री करतो हेच. वाईट मिस्त्री एका दुपारी केबल, स्प्रिंग, कार्ब्युरेटर सगळं बदलतो. गाडी सुधारते, पण कशामुळे ते कोणालाच कळत नाही.

ही परीक्षा इंजिन तापल्यावरही करा. आमच्याकडच्या मे महिन्यात गाडी सकाळी बरी आणि दुपारी बिघडलेली, असं सहज होतं. धातू फुगतो, घट्ट बसलेला स्पिंडल आणखी घट्ट होतो. कार्ब्युरेटरचे बोल्ट जास्त आवळल्याने बूड वाकडं होऊनही स्पिंडल धरतो. बोल्ट थोडे सैल केल्यावर लिव्हर मोकळा झाला, तर कारण तेच समजा.

केबल दोषी असेल तर आऊटरचं वळण पाहा. तीव्र वळण, सायलेन्सरच्या पाइपाजवळची वितळलेली जागा, इनरचे तुटलेले धागे. एक धागा जरी उसवला तरी केबल बदलायची. डाग देऊन, पिळून चालवायची नाही. इंजिनाचं फाउंडेशन रबर तुटलं असेल तर इंजिन हलून केबल ओढतं, हेही तपासा. केबलला ग्रीस भरू नका. ग्रीस आणि आपली धूळ मिळून कानसच तयार होते.

कार्ब्युरेटर दोषी असेल तर एअर क्लीनर काढून बटरफ्लायच्या कडेचा काळा चिकट थर कार्ब्युरेटर क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा. इंजिन गार असावं, जवळ विडी-काडी नसावी. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर ओरखडे पडतात, आणि तिथेच बटरफ्लाय पुन्हा अडकतो. काम थांबवलं की वरचं तोंड फडक्याने झाका. आत पडलेला एक नट इंजिन खाऊन टाकतो.

सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून लिव्हर ओढून धरण्याची चाल आमच्या भागात फार आहे. स्प्रिंग ढिली असेल तर तीच नवी, योग्य ताणाची घाला. रबर उष्णतेने कडक होतं आणि एक दिवस तुटतं. शिवाय मूळ घर्षण तसंच राहतं, फक्त दिसेनासं होतं.

शेवटी सगळं जोडल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, एकाने पेडल तळापर्यंत दाबून एकदम सोडावं आणि दुसऱ्याने लिव्हर पाहावा. असं दहावीस वेळा. मग इंजिन तापवून पुन्हा तेच, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला. त्यानंतरच गाडी वणीच्या रस्त्याला काढा.