वाद महाराष्ट्रातला, अहवाल देशाचा
राज्यातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. त्याच्या २०१२च्या अहवालातली एक नोंद अस्वस्थ करते : सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या देशातल्या सुमारे ९० टक्के संस्था बिगरसरकारी. सरकारने शिक्षक-प्रशिक्षणातली गुंतवणूक वाढवावी, ही आयोगाची शिफारस म्हणूनच कळीची. प्रशिक्षणाचा कालावधी मात्र वाढला : २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम तर चट्टोपाध्याय आयोगाने (१९८३-८५) केव्हाच सुचवला होता; राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) त्यासाठी २०३०ची मुदत घातली. मुदतीइतकाच निधीचाही आग्रह धरायला हवा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत (‘डाएट’) पूर्णवेळ अध्यापकच नसतील, तर भावी शिक्षकांना घडवणार कोण?