कापडी डायपर पावसाळ्यातही जमतात!

अर्जुनी मोरगावात श्रावणात दोरीवरचं कापड दोन-दोन दिवस दमट राहतं. तरीही माझ्या दहा महिन्यांच्या लेकीला मी कापडी डायपरच लावते. का, ते सांगते.

🌿 दिवसाला सहा धरले, तर वापरून फेकायचे डायपर वर्षाला २,१९० होतात. त्यांत प्लास्टिक असतं आणि शू शोषणारी सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पूड. ते नीट गुंडाळूनच कचऱ्यात द्यायचे. बोडीत (छोट्या तळ्यात) किंवा नाल्यात नाही.

🌿 ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २००८चा अभ्यास सांगतो, की कापडी डायपरचा फायदा धुण्यावर अवलंबून असतो. मशीन पूर्ण भरून लावा, दोरीवर वाळवा, धाकट्या भावंडालाही तेच वापरा.

धुण्याची रीत:
✅ शी आधी संडासात टाका.
✅ गार पाण्यात खळबळा, मग साबण लावा.
✅ सॉफ्टनर नको. शोषण कमी होतं.
✅ नवं सुती कापड तीन-चारदा धुऊनच वापरा.
✅ मायक्रोफायबरचा थर बाळाच्या अंगाला थेट लागू देऊ नका.

पावसाळ्यात जाड पॅड वाळत नाही. मी आजीच्या जुन्या, मऊ लुगड्याचे मोठे चौकोन कापलेत. घडी घालून डायपरच्या कव्हरमध्ये ठेवायचे; धुतल्यावर उलगडले, की पंख्याखाली रात्रीतून कोरडे!

सुरुवात दिवसा दोन डायपरनी करा. हात बसला, की वाढवा. घरात बाळ येणार असेल, तर जुनी सुती लुगडी, धोतरं आजच जपून ठेवा.